झूराचा कोतल घोडा

झूरा एसेनकुलोवाने छप्पन्नाव्या वर्षापर्यंत तेवीस खुलासे लिहिले आणि एकातही माफी मागितली नाही. सारी-बेल गावच्या दाखले कचेरीत कुठे काही खुट्ट झालं, की साहेब कोरा कागद पुढे सरकवायचे. उशीर झाला, लिहा खुलासा. काच फुटली, लिहा खुलासा. इतर बायका त्या कागदावर अर्धं पान रडून घ्यायच्या. झूरा तीन ओळी लिहायची, खाली तारीख घालायची, कागद आवक नोंदवहीत स्वतःच्या हाताने चढवायची आणि मगच साहेबांच्या टेबलावर ठेवायची. ही नोंदवहीची खोड पुढे तिच्या कामाला आली.

पहिला खुलासा तिने एकोणिसाव्या वर्षी लिहिला. तेव्हा ती गावच्या टेलिफोन एक्स्चेंजात होती. एक्स्चेंज म्हणजे भोकांची एक फळी आणि त्या भोकांत खुपसायच्या तारा. गावात कोणी नंबर सांगत नसे. ‘बेकरीतली साबिरा दे’, ‘गुरांचा डॉक्टर कुठे असेल तिथे जोड’, एवढंच म्हणत, आणि झूरा जोडून द्यायची. तीनशे चाळीस नंबर तिला तोंडपाठ होते. फळीपुढे दोन खुर्च्या होत्या, एक झूराची आणि दुसरी लीडा नावाच्या जर्मन पोरीची. नियम असा, की एक उठली तर दुसरी बसलेली हवी. एका सणाला वरच्या साहेबाने निरोप धाडला, की पाहुण्यांना चहा द्यायला लीडाला पाठवा. झूराने आतून कडी घातली आणि दाराआडून म्हणाली, ‘तुमचा चहा तुम्ही ओता.’ खुलाशात तिने लिहिलं होतं, ‘दुसरी खुर्ची रिकामी ठेवता येत नाही.’ तिचा तीन महिन्यांचा बोनस गेला. तिने पुन्हा त्या साहेबाला सलामही केला नाही.

पुढे लीडा जर्मनीला गेली, फळी भंगारात गेली, देश बदलला. झूराने लग्न केलं, मुलगी वाढवली, नवऱ्याला आजारपणात सांभाळून शेवटी पोचवलं, आणि जे जे नवं यंत्र गावात आलं ते ते पुस्तक उघडून शिकून घेतलं. छप्पन्नाव्या वर्षी ती दाखले कचेरीतल्या एकतीस संगणकांची एकटी राखणदार होती. पेन्शनला दोन वर्षं उरली होती.

आता या संगणकांचं असं, की ते एकमेकांना आकड्यांनी ओळखतात आणि माणसं त्यांना नावांनी ओळखतात. मध्ये एक यंत्र बसलेलं असतं. त्याला नाव सांगायचं, ते आकडा सांगतं. त्याला डीएनएस म्हणतात. राजधानीहून आलेल्या माणसाने हे समजावून सांगायला घेतलं, तेव्हा झूराने त्याला निम्म्यातच थांबवलं.

‘म्हणजे मीच की. एकोणिसाव्या वर्षाची मी,’ ती म्हणाली. ‘पण हिच्या शेजारची खुर्ची कुठंय?’

‘एक पुरतं, एजे,’ तो माणूस हसून म्हणाला. तिकडे थोरल्या बहिणीला एजे म्हणतात, आणि झूरा निम्म्या गावाची एजे होती.

ते यंत्र राजधानीहून आलं, म्हणजे पाहुणं आलं. मग पाहुण्याला बसवायचं कुठे? दारासमोरच्या भिंतीशी, मानाच्या जागी. संचालक असानगाझी जुमाशेविच यांनी ते आपल्याच दालनात ठेवून घेतलं. फीत कापली, कणकेचे तळलेले बोरसोक वाटले. संचालकांची आई, कुमुशाय-आपा, ऐंशीच्या पुढची बाई, तिने या पाहुण्यासाठी पांढऱ्या लोकरी नमद्याचं पांघरूण स्वतः मळून, शिवून आणलं. वर तांबड्या शिंगांची नक्षी. सगळ्यांनी वाहवा केली. यंत्राला मागून आणि वरून श्वास घ्यायला भोकं असतात आणि नमदा म्हणजे बर्फातही घाम फोडणारी चीज, हे तिथे एकट्या झूराला कळत होतं. पण म्हातारीच्या हातचा नमदा नाकारायची त्या गावात कोणाची छाती नव्हती. झूरा रोज सकाळी पुसायच्या निमित्ताने पांघरूण वर सारायची आणि दुपारपर्यंत साहेब ते पुन्हा नीट खाली ओढायचे.

महिन्यातून दोनतीनदा यंत्र आत उकडून स्वतःच मान टाकायचं. मग गंमत बघावी. एकतीसच्या एकतीस संगणक चालू, तळघरातलं नोंदींचं यंत्र चालू, आणि कोणाला कोणाचा पत्ता लागत नाही. खिडकीवर पाटी लागायची, ‘व्यवस्था बंद आहे, उद्या या.’ घोड्यावर चार तास बसून आलेल्या माणसाला उद्या या म्हणायला काय जातंय?

वरच्या खोऱ्यातून जुमाकान नावाची बाई यायची. सामुदायिक शेतीवर एकतीस वर्षं गाई दोहलेली. तिच्या बोटांची पेरं सुजून गाठी झाल्या होत्या. पेन्शनसाठी त्या एकतीस वर्षांचा दाखला हवा होता. ती आली आणि पाटी. दुसऱ्यांदा आली, पुन्हा पाटी. तिसऱ्यांदा आली तेव्हा पाटी बघून तिने खिशातून दह्याचे वाळवलेले गोळे काढले आणि झूराच्या हातावर ठेवले. ‘पुढल्या खेपेला होईल, नाही का गं पोरी?’ म्हणाली. झूरा म्हणाली, होईल. चौथ्या खेपेला तिची मुलगी आली, आईच्या मृत्यूचा दाखला मागायला. त्या दिवशी व्यवस्था चालू होती. पाच मिनिटांत दाखला हातात पडला.

झूरा अंगणातल्या नळावर जाऊन तोंड धुऊन आली. ती रडली नाही. तिला राग आला आणि तो राग तिने कोणाला दाखवला नाही. त्याच दिवशी तिने कोठीतला एक मोडीत काढलेला संगणक बाहेर ओढला.

त्याचं एका बाजूचं पत्र्याचं झाकण गायब होतं. झूराने ब्रशने धूळ झाडली, फुकट मिळणारी प्रणाली त्यावर चढवली आणि तो दारालगतच्या कोट टांगायच्या खोलीत, गमबुटांच्या वरच्या फळीवर ठेवला. उंबऱ्याजवळची ही जागा म्हणजे घरातली सगळ्यात हलकी जागा. पण वारा तिथेच लागतो. थोरल्या यंत्राचं नाव होतं ‘बाश’, म्हणजे डोकं. या धाकट्याचं नाव तिने ठेवलं ‘कोश-आत’. खिंड चढताना स्वाराच्या बरोबर रिकाम्या पाठीने चालतो तो कोतल घोडा, त्याला तिकडे कोश-आत म्हणतात. कोतल बरोबर न घेता खिंडीत शिरणाऱ्याला तिकडे शहाणा म्हणत नाहीत.

पहिल्या दिवशी थोरला धाकट्याला नावांची यादीच देईना. अनोळख्याला यादी देऊ नये अशी त्याची शिस्त, आणि ती शिस्त बरोबरच होती. धाकट्याची ओळख थोरल्याच्या आत जाऊन लिहावी लागली. ते झूराने साहेब जेवायला गेलेले असताना केलं. मग यादी उतरली. मग तिने स्वतःच एक घोळ घातला. यादीत काही बदललं, की माथ्यावरचा आकडा एकाने वाढवायचा असतो. तो वाढला नाही तर धाकटा समजतो नवं काही नाही, आणि जुन्याच यादीवर पडून राहतो. झूराने एक छपाई यंत्र यादीत घातलं, आकडा विसरली आणि तीन दिवस डोकं धरून बसली. कळलं तेव्हा तिने स्वतःला एक ठेवणीतली शिवी दिली आणि ‘आधी आकडा’ असं पुठ्ठ्यावर लिहून फळीला चिकटवलं.

शेवटचं काम होतं टेबलोटेबली फिरायचं. प्रत्येक संगणकाला पहिल्याच्या खाली दुसऱ्याचा आकडा द्यायचा. जेवणाच्या सुट्टीत बायका सामसे खात बसलेल्या, आणि झूरा त्यांच्या खुर्च्यांत घुसतेय.

‘एजे, माझ्या संगणकाला काय करताय?’ तीन नंबरच्या खिडकीवरची राखात नावाची पोरगी म्हणाली.

‘दुसऱ्या मावशीचा पत्ता देतेय. पहिली हाकेला ओ देईना, तर हिच्याकडे जायचं.’

‘आणि साहेबांना कळलं तर?’

‘तर तू म्हण, मला काही माहीत नाही, मी सामसा खात होते. खोटं थोडंच आहे?’

अर्थात साहेबांना कळलं. कचेरीत एवढं कळायला दोन दिवस लागले हेच नवल. असानगाझी जुमाशेविच पंचेचाळिशीचे, दांडगे, मनाने वाईट नव्हेत, पण जगातल्या प्रत्येक वस्तूवर क्रमांक हवा असं मानणारे. ते कोटांच्या खोलीत आले आणि उघड्या बरगड्यांच्या त्या यंत्राकडे बघत राहिले.

‘झूरा-एजे, हे काय?’

‘कोतल घोडा.’

‘मस्करी नको. हे जडवस्तू नोंदवहीत आहे?’

‘मोडीत आहे. मी मोडीतून उठवलं.’

‘आपल्याकडे राजधानीचं यंत्र आहे. चांगलं, नवं, धडधाकट.’ साहेबांनी आवाज खाली आणला. ‘जित्या माणसाच्या जागेवर दुसरा नेमून ठेवायचा? त्याचं कफन शिवून ठेवल्यासारखं झालं की हे. अपशकुन असतो, एजे. तुम्ही वडीलधाऱ्या, तुम्हाला मी सांगायचं का?’

‘तुमचं धडधाकट यंत्र या वर्षी एकोणीस वेळा झोपलं, असानगाझी जुमाशेविच. तारखा सांगू?’

‘एका घरात दोन डोकी चालत नाहीत.’

‘हे डोकं नाहीच. पहिलं जे सांगेल तेच हे सांगतं. फक्त पहिलं गप्प बसलं की हे गप्प बसत नाही.’

‘तुमच्यासारखंच म्हणा की.’ साहेब चिडले होते, पण हसू त्यांना आवरलं नाही. मग हसू गेलं. ‘शुक्रवारी थेट राजधानीहून, बिश्केकहून तपासणी येतेय. नोंदवहीत नसलेली वस्तू जोडलेली सापडली, तर माझी मान जाईल. शुक्रवारपर्यंत हे इथून हललं पाहिजे. नाहीतर तुम्हाला नोकरीवरून काढल्याचा कागद मला लिहावा लागेल, आणि दोन वर्षं राहिलीत तुमची.’

‘लिहा,’ झूरा म्हणाली. ‘कागद कुठे ठेवलेत ते माहीत आहे ना?’

एवढं बोलून ती घरी गेली. घाबरली नव्हती असं कोण म्हणेल? दोन वर्षं म्हणजे थोडकी नव्हेत, आणि छप्पन्नाव्या वर्षी तिला दुसरीकडे कोणी दारातही उभं केलं नसतं. तिने चहा केला, तो पिववला नाही, ओतून दिला. सकाळी उठून वेळेवर कचेरीत गेली आणि धाकट्याला हात लावला नाही.

मंगळवारी कचेरीतला हिवाळी बंब पेटला. वाफेच्या नळ्या गरम झाल्या, आणि त्यातली सगळ्यात जाड नळी साहेबांच्या दालनात, मानाच्या जागेच्या मागून जाते. अकरा वाजून दहा मिनिटांनी झूराला जळका वास आला. ती धावत गेली, रिकाम्या दालनात नमदा उचलला. बाशने या वेळी मान टाकली ती कायमची, आतला विजेचा भाग जळून गेला होता. खिडक्यांवर मात्र कोणाला पत्ता नव्हता. फक्त राखात म्हणाली, ‘एजे, आज संगणक नाव शोधताना दोन सेकंद दम खातोय.’

‘खाऊ दे,’ झूरा म्हणाली. ‘म्हातारा आहे, पण चढतोय.’

साहेब दालनात परतल्यावर ती त्यांच्याकडे गेली. साहेब फोनवर होते, पाहुण्यांसाठी मेंढी कोणाकडची घ्यायची यावर वाद चालला होता. ‘आता नको, एजे, मेंढीचं बघू दे.’ मग तिने लिहून काढलं. ‘मंगळवार, ११.१०. बाश नमद्याखाली जळाला. सगळं काम कोश-आतवर चालू आहे. त्याच्याकडची यादी थोरल्याला विचारल्याशिवाय सात दिवस टिकते, पुढे तोही बोलणार नाही. नवा भाग मागवावा. कोश-आत बंद करू नये.’ नोंदवहीत चढवलं, क्रमांक घातला. साहेबांनी खांद्यावर फोन दाबून, न वाचता, इतर बारा कागदांबरोबर सही केली आणि नमदा नीट सारखा केला.

शुक्रवारी तपासणी आली. चोल्पोन नावाची एक बाई, पस्तिशीची, करडा कोट, कमी बोलणारी. बाहेर नेहमीपेक्षा मोठी रांग होती, कारण बर्फ पडून खिंडी बंद व्हायच्या आत सगळ्यांना काम उरकायचं होतं. साहेबांच्या दालनात कुमुशाय-आपा सकाळपासून पाहुणीच्या जेवणाचं दस्तरखान मांडत होत्या. बाई कोट टांगायला खोलीत गेल्या आणि गमबुटांवर लुकलुकणारं ते हाडूक त्यांना दिसलं.

‘हे कशाचं?’

‘भंगार,’ साहेब म्हणाले. ‘आत्ता काढतो. झूरा-एजे, काढा ते.’

झूरा फळी आणि साहेब यांच्या मध्ये उभी राहिली. ‘माझ्या हातून ते होणार नाही.’

‘एजे, लोक बघताहेत.’

‘बघू देत. मंगळवारचा माझा कागद आधी वाचा, मग काढा.’

‘बाजूला व्हा.’

‘असान,’ ती म्हणाली, आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडून साहेबाचं लहानपणचं नाव निघालं, ‘तुझा ताप चढला तेव्हा तुझ्या आईला डॉक्टर मी जोडून दिला होता. दुसरी खुर्ची भरलेली होती म्हणून. वाच तो कागद.’

साहेबांचा चेहरा लाल झाला. रांगेतली माणसं मान लांब करून बघत होती. त्यांनी झूराच्या खांद्यावरून हात घातला आणि वायर खेचली.

आधी काहीच झालं नाही. मग एकेका खिडकीवरचा शिक्क्याचा आवाज थांबत गेला. राखात म्हणाली, उघडत नाही. पलीकडची म्हणाली, माझंही. रांगेतला एक म्हातारा काठी आपटून म्हणाला, ‘पुन्हा का? मी कालचा निघालोय.’

झूराने एक क्षणही ताणलं नाही. साहेबांना चांगला घाम फुटेपर्यंत उभं करावं असं तिला फार वाटलं, पण काठीवरची म्हाताऱ्याची सुजलेली बोटं तिला दिसली होती. तिने साहेबांच्या हातातून वायर घेतली आणि परत खुपसली. त्या यंत्राला उठायला दोन मिनिटं लागतात.

‘घाबरू नका, आपलं थोरलं आहे ना,’ म्हणत साहेब दालनाकडे पळाले. मागोमाग चोल्पोनबाई, मागोमाग झूरा. साहेबांनी बाशचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. चोल्पोनबाईंनी विचारलं, हे केव्हापासून बंद आहे? साहेबांनी झूराकडे बघितलं. झूराने आवक नोंदवही आणून उघडली. बाईंनी मंगळवारची नोंद वाचली, त्या क्रमांकाचा कागद मागवून वाचला, खालची सही वाचली.

कुमुशाय-आपा हातातलं बोरसोकचं ताट खाली ठेवून पुढे आल्या. त्यांनी नमदा उचलला. आतून करपल्याचा वास आला.

‘हे माझ्यामुळं झालं?’

आपांनी नमदा उलटा करून नाकाशी धरला.

‘थंडी वाजू नये म्हणून केलं मी. मला कोणी सांगितलं का नाही?’

‘तुम्हाला कोण सांगणार, आपा?’ झूरा म्हणाली.

‘तू सांगायचंस. तू तर कोणाला भीत नाहीस.’ म्हातारीचा आवाज चिडका नव्हता, नवलाचा होता. ‘मी काय खाल्लं असतं तुला?’

साहेबांना उलट बोलायला, कड्या घालायला, नोकरी पणाला लावायला झूरा तयार होती, आणि या एका म्हातारीला दोन शब्द सांगायला तिची जीभ रेटली नव्हती. वर्षभर ती नमदा चोरून वर सारत राहिली. बाहेर शिक्के पुन्हा पडायला लागले. कोश-आत उठला होता.

नमद्याची घडी काखेत मारून आपा कोटांच्या खोलीत गेल्या आणि झूराच्या लाकडी खुर्चीवर ती त्यांनी पसरली. ‘माणसाखाली ठीक आहे हे,’ म्हणाल्या.

चोल्पोनबाईंनी आपल्या वहीत काय लिहिलं ते त्यांनी दाखवलं नाही. जाताना एवढंच म्हणाल्या, की दुसऱ्या यंत्राला नोंदवहीत क्रमांक द्या, आजच. पाहुण्या गेल्यावर साहेबांनी झूराला बोलावलं. त्यांचं तोंड उतरलं होतं, पण सवय कुठे जाते? त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला.

‘विनापरवानगी यंत्र का बसवलं. लिहा खुलासा.’

झूरा उभ्याउभ्याच लिहायला लागली. या वेळी तीन ओळींहून जास्त झालं. नोंदवहीत चढवून तिने कागद टेबलावर ठेवला. साहेबांचा हात सवयीने पेनाकडे गेला. तिने कागदावर तळवा ठेवला.

‘वाचून सही करायची.’

साहेबांनी वाचलं. ‘यंत्र मी बसवलं. काढणार नाही. नोकरीवरून काढलंत तरी जाताना ते चालू ठेवून जाईन. जुमाकान तीन वेळा आली. नमद्याचं मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, मी कुमुशाय-आपांना सांगितलं नाही. जुमाकानची मी माफी मागते.’

‘ही जुमाकान कोण?’ साहेबांनी विचारलं.

‘नाव टाका,’ झूरा म्हणाली. ‘यंत्र चालू आहे.’

साहेबांनी नाव टाकलं. संगणकाने दोन सेकंद दम खाल्ला. मग पडद्यावर आलं, एकतीस वर्षांच्या नोकरीचा दाखला, झूराने मागाहून चढवलेल्या अर्जाच्या तीन तारखा, तिन्हींपुढे ‘प्रलंबित’, आणि खाली चौथी तारीख, मृत्यूची. साहेबांनी ते वरपासून पुन्हा वाचलं. मग त्यांनी खुलाशावर सही केली आणि कागद ढिगात न टाकता समोरच ठेवला.